घोडीची म्होरकी

कोचकोरच्या जनावरबाजारात घोडी विकणारा घोडीची म्होरकी कधी देत नाही. घोडी द्यायची, म्होरकी उतरवून घ्यायची, आणि घेणाऱ्याने आपलं दावं आणून तिला न्यायचं. म्होरकी दिली तर घरची बरकतही तिच्यामागून जाते, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून सालकिनने आपली भाकड घोडी कालिकच्या दारात आणून उभी केली आणि म्होरकी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"माझं झालं," सालकिन म्हणाली. "आता तुमची म्होरकी कुठली, कालिक-आके? मी घोडी देऊन म्होरकी ठेवली. तुम्ही क्लब देताय, तर ठेवणार काय? माऊसची शेपटी?"

कालिक हसला. बायको गेल्यापासून तो असा मोकळा हसला नव्हता.

"रिकामा डबा ठेवतो," तो म्हणाला. "पहिला गेम घेतला होता ना, त्याचा. आत काही नाही, पण झाकणावर चित्र छान आहे."

"ठेवा. तुमची बरकत डब्यात, माझी म्होरकीत. आता मला काय ते हातात द्या."

कालिकने चौघडी केलेला कागद तिच्या हातात ठेवला. त्यावर गेमच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड स्वच्छ अक्षरांत लिहिला होता. बावीस वर्षं पोस्टात तारा लिहिलेल्या माणसाचं अक्षर होतं ते. मग त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "लाभो." ती म्हणाली, "तुमचं बोलणं खरं होवो." सौदा झाला.

गावात एकच गेमिंग क्लब होता, जुन्या बचत बँकेच्या जाड भिंतींच्या खोलीत. आठ कॉम्प्युटर, त्यातले दोन आजारी. सालकिन तिथे नऊ वर्षं गल्ल्यावर बसत होती. वेळ मोजायची, चहा करायची, भांडणं सोडवायची. नवरा गेलेली बाई. उन्हाळ्यात दिराबरोबर कुरणावर जायचं तिच्या जिवावर यायचं. स्वतःचं म्हणून काही हवं होतं तिला. कालिकला डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं होतं, आणि त्याला घोडी हवी होती. त्याच्या बायकोला, कुलिपाला, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षाचा आश, म्हणजे मृताच्या नावाने गावजेवण, घालायचा तर घोडी कापायला हवी. मेंढ्यांवर आश उरकला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण मृताचा मान जातो. मुलगा रशियात ट्रक चालवत होता आणि त्याला मागायचं कालिकच्या मनात नव्हतं.

कॉम्प्युटर जुनेच होते. घोडीच्या तोलाचं जे होतं ते म्हणजे गेम. त्रेचाळीस, सगळे रीतसर विकत घेतलेले. अख्ख्या नारिन प्रांतात असा क्लब दुसरा नसेल, असं कालिकला वाटायचं. अर्थात कुणी जाऊन मोजलं नव्हतं.

सुरुवात मात्र अशी नव्हती. क्लब उघडला तेव्हा कालिक बिश्केकच्या बाजारातून स्लाविक नावाच्या विक्रेत्याकडून गेमच्या तबकड्या आणायचा. चोरीच्या. सगळेच आणायचे, दुसऱ्या तबकड्या असतात हेही कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते कुलिपाला, टीव्हीवर बघून.

"म्हणजे हे चोरीचं आहे?" तिने विचारलं होतं.

"चोरीचं कसं? मी पैसे देतो."

"चोराला पैसे दिले तरी मेंढी चोरीचीच राहते. माझ्या घरात चोरीच्या मेंढीची चरबी चुलीवर चढलेली नाही."

दुसऱ्या दिवशी कालिक उठला तर अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला साठेक तबकड्या दोऱ्याने टांगलेल्या. वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हात चमकत होत्या, आणि एक पाखरू फिरकत नव्हतं. कुलिपा खाली उभी राहून कणसं सोलत होती. "बघ, आता कुठे उपयोगाच्या झाल्या," ती म्हणाली.

तेव्हापासून अकरा वर्षं कालिक एकेक गेम विकत घेत आला. दर हंगामात दोन मेंढ्या विकायच्या, एक गेम घ्यायचा. आधी डबे यायचे; मग डबेही येईनासे झाले, नुसतं खात्यावर नाव चढायचं. गाव हसायचं. "कालिक मेंढ्या विकून हवा घेतो," असं बाजारात म्हणायचे. तो मान खाली घालून हसायचा. इंटरनेट सोसाट्याच्या वाऱ्यात गेलं की गेम उघडायचेच नाहीत, कारण प्रत्येक गेम आधी दूर कुठेतरी असलेल्या कंपनीला विचारायचा की उघडू का. पोरं ताटकळत बसायची, सालकिन चहा फुकट पाजायची. कुलिपा म्हणायची, "थांबतील. हलाल असलं की थांबावं लागतं."

आश चांगला झाला. घोडी पुष्ट होती, सगळ्यांना पुरली, पोचू न शकलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी वाटे गेले. जेवणं झाल्यावर कालिक उठून उभा राहिला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "कुलिपाकडून कुणाचं काही राहिलंय का? आमच्याकडून कुणी दुखावलंय का?" लोक म्हणाले, नाही, आम्ही राजी आहोत, कुणाचं काही मागणं नाही. आणि बायकांच्या बाजूने सालकिनचा आवाज आला, सगळ्यांच्या वर, "मी राजी आहे! घोडीबद्दलही राजी, कुलिपावहिनीबद्दलही राजी!" लोक हसले. कालिकचे डोळे भरले. आता कुलिपाचं सगळं स्वच्छ झालं, असं त्याला वाटलं.

कालिक इथेच थांबला असता तर काही झालं नसतं.

पण जनावर हातातून हातात जातं तेव्हा ग्रामकार्यालयातून त्याचा कागद करतात. हे जनावर अमक्याचं होतं, आता तमक्याचं झालं. कागद नसला तर उद्या कुणीही उठून म्हणेल, तू चोरलंस. खात्यावर अजून कालिकचंच नाव होतं. उद्या मी मेलो, मुलगा रशियाहून आला आणि म्हणाला की हे बापाचं, तर सालकिन काय दाखवणार? हा विचार त्याच्या डोक्यात घुसला आणि जाईना. तो कार्यालयात गेला. तिथला कारकून तालाय त्याच्या क्लबात वाढलेला पोरगा.

"काय लिहू, आके? जनावराचा रंग?"

"रंग नको. त्रेचाळीस गेम, असं लिही."

"वय? कानावरची खूण?"

"तालाय, मी गंभीरपणे सांगतोय."

"मग मीही गंभीरपणे विचारतोय. लसीकरण झालंय का त्यांचं?" तालायने हसत हसत कागद केला आणि गोल शिक्का असा दाबला की मागच्या पानावर उमटला.

कालिकने घरी बसून कंपनीला पत्र लिहिलं. रशियन भाषेत, पोस्टाच्या वळणाने. 'आदरणीय कंपनीस, मी आपला अकरा वर्षांचा जुना ग्राहक. आपला माल मी जपून वापरला. माझ्या आठ कॉम्प्युटरांवर गावची मुलं आपले गेम खेळली आणि त्यांना फार आवडले. आता वय झाल्यामुळे मी हे गेम श्रीमती सालकिन यांना विकले आहेत. त्या प्रामाणिक आहेत. कृपया खात्यावर त्यांचं नाव चढवावं. सोबत ग्रामकार्यालयाचा दाखला.' दाखल्याचा फोटो तालायने काढून दिला, पत्र त्यानेच पाठवलं आणि उत्तर आलं तर दिसावं म्हणून कालिकच्या फोनवर सोय करून दिली. पाठवताना तालाय जरा थबकला. "आके, हे लिहायलाच हवं का? पासवर्ड दिलाय ना तिला?"

"पासवर्ड म्हणजे काय कागद आहे?" कालिक म्हणाला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. कालिकने चष्म्यावर भिंग धरून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

'प्रिय कालिक! प्रामाणिक माहितीबद्दल आभार. आपण आम्हाला फार मोलाचे आहात. आपल्या खात्यातील गेम आपल्याला विकण्यात आलेले नव्हते, केवळ वैयक्तिक वापराची परवानगी देण्यात आली होती. परवानगीची विक्री, तसेच सार्वजनिक ठिकाणी वापर, हा नियमभंग आहे. आपलं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. आमची सेवा आपल्याला कशी वाटली? पाच ताऱ्यांपैकी किती द्याल?'

त्याने त्याच दिवशी पुन्हा लिहिलं. पोस्टातल्या बावीस वर्षांत त्याने कुणाला इतकं अजीजीने लिहिलं नव्हतं. 'दंड घ्या, पण खातं उघडा, बाईचं नुकसान होतंय.' तेच उत्तर आलं, शब्दाला शब्द, खाली सहीचं नाव मात्र वेगळं. आणि पुन्हा तारे.

कपाटातून त्याने तो रिकामा डबा काढला. झाकणावर शिरस्त्राण घातलेला स्वार होता. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, सगळं छापलेलं होतं. अकरा वर्षं ते तिथेच होतं. 'विक्री नव्हे.' भिंग हातात असताना कालिकला ते आज पहिल्यांदा वाचता आलं. म्हणजे कंपनीने म्होरकी उतरवून घेतलीच नव्हती. ती जनावराच्या तोंडावरच होती आणि दाव्याचं टोक त्यांच्या हातात. घोडी आपल्या अंगणात चरत होती, आपण तिला चारा घालत होतो, एवढंच.

तो क्लबात गेला तेव्हा आठही पडदे करडे होते आणि खोलीत कुणी नव्हतं. सालकिन गल्ल्यावर बसली होती. मागच्या भिंतीवर खिळ्याला तिच्या घोडीची म्होरकी टांगलेली होती.

"सकाळपासून असंच आहे," ती म्हणाली. "मी दोनदा बंद करून चालू केलं. वारा तर नाहीये आज."

कालिकने सगळं सांगितलं. पत्र, शिक्का, उत्तर. काही लपवलं नाही. सालकिन ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तुम्ही त्यांना स्वतः होऊन कळवलंत?"

"हो."

"त्यांनी विचारलं नसताना?"

"कागद व्हायला हवा होता, सालकिन."

ती उठली, किटलीत पाणी भरलं, आणि ती चुलीवर न ठेवताच पुन्हा बसली. "दुसऱ्या कुणी असं केलं असतं ना, तर मी त्याला या किटलीने हाणलं असतं," ती म्हणाली.

"माझी गाय घे. चार मेंढ्या आहेत, त्याही घे."

"गाय घेऊन मी पुन्हा कुरणावर जाऊ? म्हणून घोडी दिली होती का मी?"

"मग घोडी…"

"घोडी आपण खाल्ली, कालिक-आके. मीही खाल्ली. छान होती."

ती ते टोमणा म्हणून बोलली असती तर कालिकला बरं वाटलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे आशचा दिवस आला. तिचं ते मोठ्याने 'राजी आहे' म्हणणं. आता ते राजीपण कशावर उभं होतं? करड्या पडद्यांवर. बाईला फसवून घेतलेल्या घोडीवर कुलिपाचा आश झाला. जिने आयुष्यात चोरीची चरबी चुलीवर चढू दिली नाही, तिच्या नावाने अख्ख्या गावाने ते मांस खाल्लं.

"मी बिश्केकला जातो," तो म्हणाला. "कंपनीच्या ऑफिसात. माणसासमोर माणूस उभा राहिला की बोलणं वेगळं होतं. तू आशात राजी म्हणालीस, ते मागे घेऊ नकोस एवढ्यात."

"मागे कुठे घेतलंय?" सालकिन म्हणाली. "पण आता ते खरं करून आणा."

बिश्केकात कंपनीचं ऑफिस नव्हतं. मोठ्या दुकानात एका काचेच्या कपाटात त्यांचे डबे मांडलेले होते, आणि विकणारी मुलगी भली होती. तिने कालिकला स्टूल दिलं, कागद वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"आजोबा, आम्ही डबे विकतो. आत जे आहे ते त्यांचं."

"पण डबा तर रिकामा असतो."

"हो," ती म्हणाली. "तोच तर आमचा."

"पुन्हा सगळे घेतले तर? नव्याने?"

त्याने लिहून आणलेली गेमची यादी घेऊन तिने मशीनवर पाहिलं. यादीतले बरेच अजून मिळत होते, आणि त्यांचे भाव ऐकून कालिकने मनात आधी गाय धरली, मग घर. सहा तर मिळतच नव्हते. कंपनीने ते विकणंच बंद केलं होतं. "ते आता कुठेच मिळणार नाहीत," मुलगी म्हणाली. त्या सहांमधलेच दोन पोरं सर्वांत जास्त खेळायची.

बाजारात स्लाविकला शोधायला त्याला वेळ लागला नाही. जागा तीच, केस पांढरे. पुढे फोनची कव्हरं मांडलेली.

"अरे, पोस्टमन!" स्लाविक ओरडला. "जिवंत आहेस? तुझ्या बायकोने माझा माल झाडाला टांगला होता ना? पाखरं घाबरली का?"

"घाबरली."

"बघ. माझा माल वाया जात नाही. कशी आहे ती?"

"गेली. गेल्या वर्षी."

स्लाविकने टोपी काढली. मग कालिकने यादी पुढे केली. स्लाविकने ती वाचली, कालिककडे पाहिलं, आणि त्याला न सांगताच सगळं कळलं.

"बंद केलं वाटतं त्यांनी? तू एकटा नाहीस, बाबा. रोज येतात. सगळ्यांत जास्त कोण येतं सांगू? ज्यांनी विकत घेतलं होतं ते. त्यांचेच चेहरे असे पडलेले असतात." त्याने टेबलाखालून गेम साठवायचा लहानसा काळा डबा काढला, तारेने कॉम्प्युटरला जोडला आणि गेम त्यात उतरवले. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. ते सहाही. ते सहा आता फक्त चोरांकडेच मिळतात."

"हे उघडताना विचारत नाही?"

"कुणाला विचारणार? चोर कधी मागे वळून विचारतो का? बटण दाब, चालू."

"पुन्हा कधी बंद?"

"तुझ्या हातून पडून फुटेल तेव्हा." त्याने पैसे घ्यायला नकार दिला. "तुझ्या बायकोच्या नावाने," तो म्हणाला. कालिकला वाटलं, हे शब्द तरी त्याने उच्चारायला नको होते. पण काळा डबा त्याने घेतला आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

परतीच्या मिनीबसमध्ये, बोओमच्या घाटात, तो खरं कसं सांगायचं ते जुळवत होता. सालकिन, त्यांनी काही दिलं नाही. हे स्लाविकचं आहे. घ्यायचं की नाही ते तू ठरव, चालत असेल तर चालव. राजी म्हणू नकोस, मला ते नको. एवढी चार वाक्यं. त्याने ती पाठ केली, जसा पूर्वी लांबलचक तारा पाठ करायचा.

क्लबाच्या पायरीवर पोरं बसली होती. सालकिनने ताजी रोटी आणि मलई मांडून ठेवली होती. मिनीबस दिसली असणार तिला. ती दारात आली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. तिच्या हाताला पीठ होतं.

"मानले का ते?" तिने विचारलं.

कालिकने चार वाक्यांसाठी तोंड उघडलं.

"मानले," तो म्हणाला.

काळा डबा जोडला, एकेका कॉम्प्युटरवर उतरवला. त्यात संध्याकाळ झाली. पहिला पडदा उजळला तेव्हा पोरांनी इतकी आरोळी ठोकली की रस्त्यावरची गाढवं बुजली. वारा सुटला, इंटरनेट गेलं, आणि गेम थांबले नाहीत. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"आता उघडताना कंपनीला विचारत नाही," सालकिन नवलाने म्हणाली.

"काढून टाकलं त्यांनी ते."

"लाजले असतील." ती हात पुसत हसली. "शिक्का बघून लाजले असतील. वहिनी म्हणायची ना, सरळ माणसाचं काम सरळच होतं. मी उगीच तुम्हाला किटलीचं बोलले. राजी आहे मी, कालिक-आके. पुन्हा म्हणते, पोरांनो ऐका, मी राजी आहे!"

कालिक रोटीचा तुकडा हातात धरून बसला. सालकिनने आता अगदी मनापासून दिलेला तो शब्द आशच्या दिवशीच्या शब्दाहून खोटा होता, आणि हे त्या खोलीत फक्त त्याला ठाऊक होतं. आता खरं सांगितलं तर हाही शब्द जाईल, आणि आशच्या दिवशीचाही.

त्याचा फोन वाजला. सालकिनने टेबलावरून उचलून पाहिला. "कंपनीच आहे! विचारतात, सेवा कशी वाटली. तिसऱ्यांदा विचारतायत म्हणे. तुम्ही उत्तर का नाही दिलंत? बिचारे वाट बघत असतील."

"राहू दे, सालकिन."

"राहू दे कसं? एवढं केलं त्यांनी आपल्यासाठी." तिने मलईचं बोट झग्याला पुसलं आणि पडद्यावरचे तारे एकेक करून दाबले. एक, दोन, तीन, चार. पाचव्या ताऱ्यापाशी ती जरा थांबली आणि कालिककडे पाहिलं.

"पाच देऊ ना?"

भिंतीवरच्या खिळ्याला घोडीची म्होरकी टांगलेली होती. कालिकने तिच्यावरून नजर काढून घेतली.

"दे," तो म्हणाला.